घरच्या पार्टीला ड्राफ्ट बिअर : कोणती सिस्टीम विकत घ्यावी, कोणती भाड्याने आणावी?

काउंटरवर ठेवायचं चकचकीत मशीन, पुढे एक नळ, मोबाइलच्या ॲपवर बिअरचं तापमान आणि किती लिटर उरली त्याचा आकडा. अशा मशीनच्या रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. त्याखाली प्रश्न ठरलेला असतो : घ्यावं का हे? माझं उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असतं. मशीन वाईट असतं म्हणून नव्हे, तर विचारणाऱ्याची पार्टी आणि ते मशीन यांचा मेळ बसत नाही म्हणून. हा मेळ कसा बघायचा, ते आज समजून घेऊ.

मी मूळची सांगलीची, सध्या नोकरीनिमित्त जर्मनीत स्टुटगार्टला असते. त्यामुळे उदाहरणं इथलीच येतील. इथे घरच्या कार्यक्रमाला बिअरचं पिंप आणि नळ भाड्याने आणणं म्हणजे आपल्याकडे मांडववाल्याकडून खुर्च्या आणण्याइतकं साधं काम आहे, आणि ड्राफ्टचे सगळे प्रकार एकाच दुकानात पाहायला मिळतात. महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा : आपल्याकडे बिअरसाठी वयाची अट २१ वर्षं आहे आणि दारू जवळ बाळगायला, प्यायला परवाना लागतो. घरी पिंप आणणं हा तिकडे तंत्रज्ञानाच्या आधी कायद्याचा प्रश्न आहे. तिकडे काय चालतं, ते पुढे सांगतेच.

ड्राफ्ट म्हणजे नेमकं काय?

डब्यावर ‘ड्राफ्ट’ छापलं म्हणून आतली बिअर ड्राफ्ट होत नाही. ड्राफ्ट म्हणजे मोठ्या बंद पिंपातून, दाबाच्या जोरावर, नळाने थेट ग्लासात आलेली बिअर. या पिंपाला केग म्हणतात.

बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. साध्या पिल्सनर बिअरमध्ये लिटरला साधारण ५ ग्रॅम, गव्हाच्या बिअरमध्ये त्याहून जास्त. हा वायू विरघळलेलाच राहावा म्हणून पिंपात वरून दाब ठेवावा लागतो. किती दाब, ते तापमानावर ठरतं. ५ ग्रॅमवाल्या बिअरला ८ अंश सेल्सिअसला सुमारे १ बार दाब पुरतो. १५ अंशांना दीड बार लागतो, २० अंशांना १.९ आणि २५ अंशांना जवळजवळ २.४ बार. गोटी सोड्याची बाटली उन्हात ठेवून फोडली की काय होतं ते आठवा. तोच हिशोब इथे आहे.

म्हणजे तापमान, दाब आणि नळापर्यंतची नळी या तिघांचा तोल साधणं हेच प्रत्येक सिस्टीमचं काम. महाग मशीन हा तोल स्वतः सांभाळतं, स्वस्त सिस्टीममध्ये तो तुम्हाला सांभाळावा लागतो.

आधी लिटर मोजा, मग दिवस

मोबाइल घेताना आपण कॅमेरा बघायचा की बॅटरी ते ठरवतो. इथे दोनच प्रश्न विचारायचे : किती लिटर लागणार, आणि पिंप उघडल्यापासून ती किती दिवसांत संपणार?

पंचवीस माणसं बोलावली तर पंचवीसही जण बिअर पिणार नाहीत. आपल्या मंडळींत तर नाहीच. कोणी कोकम सरबतावर खूश असतं, कोणाला गाडी चालवायची असते, कोणाचा उपास असतो. धरा चौदा जण पिणारे, प्रत्येकी ३०० मिलीचे तीन ग्लास. झाले साडेबारा लिटर. फेसात आणि नळीत जाणारी धरून १५ लिटर. ३० लिटरच्या केगमधून हिशोबाने १०० ग्लास निघतात, प्रत्यक्षात ९० निघाले तरी पुष्कळ. तेव्हा ‘मोठा केग स्वस्त पडतो’ हे दुकानदाराचं वाक्य खरं असलं तरी अर्धा केग उरणार असेल तर त्या स्वस्ताईचा उपयोग नाही.

दिवसांचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. बिअर बाहेर ढकलायला दोन गोष्टी वापरता येतात : साधी हवा किंवा सीओटू वायू. हवेत ऑक्सिजन असतो आणि त्याने बिअर शिळी पडते, ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. हवेवर चालणारा केग त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दुपारपर्यंत संपला पाहिजे. सीओटूवर चालणारा थंड केग काही आठवडे टिकतो. बाकी सगळे फरक या एका फरकानंतर येतात.

५ लिटरचा डबा : पहिल्यांदा हाच घ्या

सुपरमार्केटमध्ये ५ लिटरचे पत्र्याचे छोटे केग मिळतात, खाली छोटा प्लॅस्टिकचा नळ असतो. वरची झडप उघडली की हवा आत जाते आणि बिअर स्वतःच्या वजनाने खाली येते. मोटर नाही, गॅस नाही, वीज नाही. फ्रिजमध्ये आडवा ठेवून रात्रभर थंड करायचा आणि त्याच संध्याकाळी संपवायचा. हाइनकेनच्या ५ लिटरच्या डब्यात दाब टिकवायची सोय आतच असते, त्यामुळे तो उघडल्यावर थंड ठेवला तर ३० दिवस चालतो असं कंपनी सांगते.

दहा-बारा जणांच्या घरगुती बैठकीला असे दोन डबे पुरतात. दिसायला फार भारी नाहीत, रीलमध्ये शोभणार नाहीत, पण पैशाला पैसा वसूल.

काउंटरवरचं मशीन

आता ते रीलवालं मशीन. जर्मनीत सगळ्यांत ओळखीचं नाव परफेक्टड्राफ्ट. त्यात ६ लिटरचा खास केग बसतो, मशीन तो ३ अंशांपर्यंत थंड करतं आणि उघडलेला केग ३० दिवस ताजा राहतो असा कंपनीचा दावा आहे. त्याच्या नव्या ‘प्रो’ मॉडेलला ॲपही आहे.

दोन गोष्टी जाहिरातीत बारीक अक्षरात असतात. पहिली : खोलीच्या तापमानाचा केग आत ठेवला तर तो थंड व्हायला अर्ध्या दिवसाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे पार्टीत पहिला केग संपला की दुसरा लगेच लावता येत नाही, तो आधीच फ्रिजमध्ये असावा लागतो. दुसरी : केग त्याच सिस्टीमचा लागतो. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, हा प्रकार आपल्याला माहीत आहे. इथे मशीनही फार स्वस्त नाही आणि बिअर लिटरमागे क्रेटमधल्या बाटल्यांपेक्षा बरीच महाग पडते.

हे मशीन खरं तर पार्टीचं नाहीच. दोघा-तिघांनी महिनाभर अधूनमधून एखादा ग्लास घ्यायचा, अशा घरासाठी ते बनवलंय. ॲपबद्दल म्हणाल तर उरलेली बिअर मोजायला वजनकाटा पुरतो. एक लिटर बिअरचं वजन जवळपास एक किलो असतं. भरलेला केग काट्यावर ठेवा, आकडा लिहून ठेवा, जेवढे किलो कमी झाले तेवढे लिटर संपले. माझ्या स्वयंपाकघरात हे ‘ॲप’ विनाअपडेट चालू आहे.

भाड्याचा नळ : खरी पार्टी सिस्टीम

वीसच्या वर माणसं असतील तर माझं मत सरळ आहे, भाड्याने आणा. इथल्या पेयांच्या दुकानात ३० आणि ५० लिटरचे स्टीलचे केग मिळतात आणि सोबत थंड करणारं यंत्र, नळी, जोडणी असा सगळा संच एका वीकेंडसाठी मिळतो. केगवर अनामत रक्कम असते, ती परत मिळते. सील न तोडलेला केग परत घेणारी दुकानंही बरीच आहेत, मात्र हे आधी विचारून घ्यायचं.

या यंत्रात केग थंड होत नाही. बिअर केगमधून नळाकडे जाताना वाटेत थंड होते. आत धातूची लांब गुंडाळलेली नळी असते, तिच्यातून बिअर जाते आणि काही सेकंदांत थंड होऊन ग्लासात पडते. ही युक्ती भन्नाट आहे आणि लोकांचा सगळा गोंधळही इथेच होतो.

गोंधळ असा. ग्लासातली बिअर ७ अंशांची आहे म्हणून लोक दाब १ बारवर ठेवतात. पण केग तर बाल्कनीत २२ अंशांवर बसलाय! त्या केगला दोन बारच्या वर दाब हवा. तो नाही मिळाला की वायू केगमध्येच बिअरमधून सुटायला लागतो आणि नळातून नुसता फेस येतो. फेस बघून माणसाला वाटतं की दाब जास्त झाला, तो आणखी कमी करतो. फेस आणखी वाढतो. मग ‘मशीन खराब आहे’ म्हणून दुकानाला फोन. दाब ठरवायचा तो केगमधल्या बिअरच्या तापमानावर, ग्लासातल्या नव्हे. हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी लेख वाचल्याचं सार्थक होईल. केगपेक्षा नळ उंचावर असेल तर प्रत्येक मीटरला ०.१ बार आणखी धरा.

मग एवढा दाब नळाशी आला की बिअर उसळत नाही का? उसळते. म्हणून चांगल्या नळाच्या बाजूला एक छोटी दांडी असते. तिने आतली वाट अरुंद-रुंद करता येते आणि बाहेर पडणारी धार शांत होते. यंत्र घेताना नळाला अशी दांडी आहे का, हे बघूनच घ्या.

भाड्याची यंत्रं दोन प्रकारची. कोरडं यंत्र सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांत तयार होतं. ओल्या यंत्रात पाण्याची टाकी असते, त्यात बर्फाचा थर जमायला तास-दोन तास आधी चालू करावं लागतं, पण एकदा जमला की गर्दी झाली तरी दम टिकतो. घरच्या पार्टीला कोरडं पुरे.

यंत्रावर ‘ताशी ३० लिटर’ लिहिलेलं असतं. हा आकडा पॉवर बँकेवरच्या एमएएचसारखा वाचायचा. बऱ्याचदा तो बिअर १० अंशांनी थंड करायची असं धरून दिलेला असतो. तुमचा केग २५ अंशांचा आणि बिअर ७ अंशांची हवी, म्हणजे १८ अंशांचा फरक. तेच यंत्र मग ताशी सोळा-सतरा लिटरच देईल. घरासाठी हेही भरपूर आहे, फक्त केग उन्हात ठेवू नका. इथे बहुतेक फ्लॅटना तळघरात एक खोली असते. आदल्या दिवशी केग तिथे नेऊन ठेवला तर काम निम्मं होतं. गाडीतून हलत आलेला केग काही तास स्वस्थ बसूही द्यावा. आणि ५० लिटरचा भरलेला केग साठ किलोंच्या पुढे जातो. लिफ्ट नसेल तर ३० लिटरचाच घ्या, कंबर आपलीच आहे.

एक राहिलंच. केगच्या तोंडाला जी जोडणी बसते ती प्रत्येक ब्रुअरीची सारखी नसते. जर्मनीत सपाट, टोपलीसारखी आणि दोन्हींचं मिश्रण असलेली, असे तीन प्रकार नेहमी दिसतात. टाइप-सीच्या फोनला जुनी मायक्रो-यूएसबी केबल घेऊन गेल्यासारखं व्हायला नको असेल तर केग आणि यंत्र एकाच दुकानातून घ्या आणि जोडणी तिथेच लावून बघा.

केजरेटर

फ्रिजमध्ये आख्खा केग, बाजूला सिलिंडर, वर नळ. याला केजरेटर म्हणतात. अमेरिकेत घराच्या बेसमेंटमध्ये हा प्रकार बराच दिसतो. केग, नळी आणि बिअर एकाच तापमानाला राहत असल्याने तोल साधायला हा सगळ्यांत सोपा. पण वर्षातून चार पार्ट्या करणाऱ्याने इतर ३६१ दिवस एक जादा फ्रिज चालवायचा, हे मला पटत नाही. स्वतः घरी बिअर बनवणाऱ्यांसाठी ठीक आहे.

गॅसचं काय?

हा भाग घाईत वाचू नका.

सीओटूच्या सिलिंडरमध्ये वायू द्रवरूपात असतो आणि २० अंशांना आतला दाब सुमारे ५७ बार असतो. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरपेक्षा हा कितीतरी पट जास्त. रेग्युलेटर तो दोन-अडीच बारवर आणतो. म्हणून रेग्युलेटरशिवाय काहीही जोडायचं नाही, सिलिंडर नेहमी उभा आणि बांधलेला ठेवायचा. आडवा झाला तर वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये घुसतो. रेग्युलेटरवर जादा दाब सोडून देणारी झडप आहे ना, तेही पाहून घ्या.

पण खरा धोका स्फोटाचा नाही, गळतीचा आहे. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास मिसळलेला असतो, नाकाला लगेच कळतं. सीओटूला वास नाही, रंग नाही, आणि तो हवेपेक्षा दीडपट जड असल्याने खाली साचतो. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं आहेत, जमिनीखालची खोल कोठारं. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही. आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत थांबतात. जुन्या माणसांना सेन्सर माहीत नव्हता, पण हे पक्कं माहीत होतं.

आकडे बघा. भाड्याने मिळणारा छोटा सिलिंडर २ किलोचा असतो. तो पूर्ण गळला तर जवळजवळ ११०० लिटर वायू होतो. दहा चौरस मीटरच्या, अडीच मीटर उंच बंद खोलीत २५ हजार लिटर हवा असते. म्हणजे सीओटूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या पुढे. साध्या हवेत ते ०.०४ टक्के असतं आणि कामाच्या ठिकाणी दिवसभरासाठी मर्यादा ०.५ टक्के धरतात. ४ टक्क्यांना डोकं दुखतं, धाप लागते. १० टक्क्यांच्या आसपास माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. १० किलोचा मोठा सिलिंडर त्याच खोलीत गळला तर प्रमाण २० टक्क्यांच्या घरात जाईल आणि ते जीवघेणं आहे. तळघर तर आणखी वाईट, तिथे खिडकीच नसते.

म्हणून माझा सल्ला असा. फ्लॅटमध्ये, एका संध्याकाळची पार्टी असेल तर हवेचा पंप आतच बसवलेलं भाड्याचं यंत्र घ्या. केग त्याच दिवशी संपणार असेल तर सीओटूचा फायदा तसाही फार मिळत नाही. सीओटू वापरायचाच असेल तर सिलिंडर बागेत किंवा उघड्या बाल्कनीत, आणि पार्टी संपली की मुख्य झडप बंद. केग थंड करायला तळघरात ठेवा, सिलिंडर मात्र तिथे नेऊ नका. कोणी तळघरात किंवा बंद खोलीत कोसळलेलं दिसलं तर त्याला उचलायला आत धावू नका, दुसरा बळी तसाच जातो. दार उघडं टाका, बाहेरून ११२ ला फोन करा. हा नंबर जर्मनीत आणि भारतात एकच आहे.

सीओटू मोजायचं उपकरण घेणार असाल तर स्वस्तातलं बघून घ्या. काही उपकरणं ‘ई-सीओटू’ असा आकडा दाखवतात. तो हवेतल्या इतर वाफांवरून बांधलेला अंदाज असतो, खरा सीओटू ते मोजतच नाहीत. इन्फ्रारेड सेन्सर असलेलंच घ्या.

महाराष्ट्रात काय करता येईल?

ऑनलाइन मिळणारा ३ लिटरचा टॉवर, मध्ये बर्फाची नळी, खाली नळ, हा पबमध्ये सगळ्यांनी पाहिलाय. दिसायला ड्राफ्ट, पण दाब नाहीच. ओतताना आणि उभ्या उभ्या वायू निघून जातो. बाटल्या आधी चांगल्या थंड करून, टॉवर तिरपा धरून, भिंतीवरून ओतल्या आणि अर्ध्या तासात संपवल्या तर चव ठीक राहते. कॅनला लावायची छोटी बॅटरीवाली उपकरणंही येतात, ती कंपनांनी बारीक फेस करतात. वरचा फेस खरोखर मऊ होतो, आतली बिअर तीच राहते. माझं विचाराल तर या दोन्हींपेक्षा चांगले धुतलेले, थंड ग्लास जास्त फरक पाडतात. ग्लासाला तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला की फेस बसतो, आणि भजी खाऊन प्यायची म्हटल्यावर तो राहतोच.

मोजणी

नळाचा एक दोष कुठल्याही मशीनच्या माहितीपत्रकात नसतो. टेबलावर रिकाम्या बाटल्या साचत नाहीत, त्यामुळे कोण किती प्यायलं याचा कोणालाच पत्ता नसतो. अर्धा रिकामा ग्लास परत भरून घेतला की मोजणीच संपली. मी नळाशेजारी खडूची पाटी ठेवते, प्रत्येकाने ग्लास भरला की आपल्या नावापुढे रेघ मारायची. लोक हसतात, पण मारतात. भारतात गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे. जर्मनीत ती ०.५ प्रति हजार आहे, आणि २१ वर्षांखालच्यांना तसंच नव्याने लायसन्स मिळालेल्यांना शून्य. ज्याला गाडी चालवायची आहे त्याच्या नावापुढे पाटीवर फुली असते, रेघ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी

सगळे झोपलेले असताना करायचं काम. नळीत बिअर वाळू दिली तर आत बुरशी आणि जिवाणूंचा थर धरतो. पुढच्या वेळी लोण्यासारखा किंवा आंबूस वास आला तर तो तिथूनच येतो. पार्टी संपल्या संपल्या नळीतून स्वच्छ पाणी सोडायचं, शक्य असेल तर स्पंजची गोळी ढकलायची, नळ सुटा करून ब्रशने घासायचा. भाड्याचं यंत्र असलं तरी पाणी सोडूनच परत द्या, कित्येक दुकानं न धुतलेल्या यंत्राचे वेगळे पैसे लावतात. यंत्र घरी आणल्यावरही पहिला केग जोडायच्या आधी नळीतून पाणी काढून त्याचा वास घ्या, आधीच्या गिऱ्हाइकाने काय केलंय ते तेवढ्यात कळतं. केगमधला दाब दुकानदाराने दाखवलेल्या पद्धतीने सोडूनच जोडणी काढा. आणि अनामतीची पावती फोनमध्ये फोटो काढून ठेवा. केग हरवत नाही, पावती हरवते.